आइसलँडचा रिंग रोड एकट्याने: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आइसलँडला वळसा घालणारा रस्ता क्रमांक १, म्हणजे रिंग रोड, साधारण १,३२२ किलोमीटरचा आहे. पुण्याहून नागपूरला जाऊन परत यायला जवळपास एवढंच अंतर पडतं. म्हणून आपल्याकडचे लोक नकाशा बघून पटकन म्हणतात, चार-पाच दिवसांत आटपेल. हिशेब चुकलेला नसतो, पण त्यात वारा धरलेला नसतो. या बेटावर वेळापत्रक हवामानाच्या हातात असतं, आणि एकट्याने जाणाऱ्याला याचा सगळ्यात जास्त फरक पडतो. दमल्यावर स्टिअरिंग घ्यायला दुसरं कुणी नाही, पाटी वाचून दाखवायला कुणी नाही, "आज राहू दे, उद्या निघू" असं म्हणायलाही कुणी नाही. ते आपणच वेळेवर म्हणायचं असतं. खालची सगळी तयारी मुख्यतः तेवढ्यासाठी आहे.

१. आधी महिना ठरवा

पहिल्यांदा आणि एकटे जात असाल तर जून ते सप्टेंबरचा मध्य, एवढ्यातच जा. हिवाळ्याचे फोटो मोहात पाडतात, पण डिसेंबरात राजधानी रेकयाविकला जेमतेम चार तास उजेड असतो, रस्त्यावर बर्फाची काच बसलेली असते आणि उत्तर-पूर्वेकडचे घाट केव्हाही बंद होतात. बर्फावर गाडी चालवायची सवय नसलेल्या माणसाने तिथे एकट्याने शिकायला जाऊ नये.

जूनमध्ये दिवस २१ तासांचा असतो, म्हणजे अंधार गाठेल ही धास्ती नाही. त्याची दुसरी बाजू अशी, की रात्री अकराला उन्हात गाडी चालवताना आपण दमलोय हेच कळत नाही. माझी स्वतःची पसंती ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. गर्दी ओसरलेली असते, रात्री पुन्हा काळोख होऊ लागतो आणि आकाश निरभ्र असेल तर उत्तर प्रकाश (नॉर्दर्न लाइट्स) दिसण्याची शक्यता असते. डोंगरात उन्हाळाभर मोकळी सोडलेली मेंढरं याच सुमाराला गावकरी हाकून खाली आणतात, तेही बघायला मिळू शकतं. मात्र शरद ऋतूतली वादळंही तेव्हाच सुरू होतात, तेव्हा हाताशी एक-दोन मोकळे दिवस हवेतच.

२. व्हिसा, लायसन्स, कार्ड

आइसलँड शेंगेन क्षेत्रात आहे. भारतीय पासपोर्टवर शेंगेनचा अल्पमुदतीचा व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्यातल्या अपॉइंटमेंट लवकर संपतात, त्यामुळे तारखा ठरल्या की थांबू नका. किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा बंधनकारक आहे. एकट्याच्या अर्जात रोजच्या मुक्कामाचं बुकिंग आणि गाडीचं आरक्षण नीट लावा, प्रवासाचा हेतू त्यातून स्पष्ट होतो.

आपलं स्मार्ट कार्ड लायसन्स इंग्रजीत असलं तरी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. परिवहन पोर्टलवर अर्ज होतो, मुदत एक वर्षाची असते, म्हणून फार आधी काढू नका. गाडी घेताना मूळ लायसन्सही दाखवावं लागतं. नुसता परवाना चालत नाही.

रोख रकमेची गरज जवळजवळ पडत नाही, पण कार्डाकडे मात्र नीट लक्ष द्या. गावाबाहेरचे बरेच पेट्रोल पंप माणूसविरहित असतात आणि मशीन पिन मागतं. बँकेच्या अॅपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करा, पिन पाठ करा आणि दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं दोन वेगळ्या जागी ठेवा. भाड्याच्या गाडीच्या डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड तुमच्याच नावाचं लागतं.

३. गाडी आणि इन्शुरन्स

पैसे वाचवायची जागा ही नव्हे.

ऑटोमॅटिक गाडी घ्या. तिथे वाहतूक उजव्या बाजूने चालते आणि स्टिअरिंग डावीकडे असतं. आपला मेंदू पहिले दोन दिवस एवढ्यातच गुंतलेला राहतो, त्यात उजव्या हाताने गिअर टाकायचा त्रास कशाला. (आइसलँडसुद्धा २६ मे १९६८ पर्यंत डाव्या बाजूनेच गाड्या चालवत होता, एका पहाटे अख्ख्या देशाने बाजू बदलली.) उन्हाळ्यात फक्त रिंग रोड करायचा तर छोटी साधी गाडी पुरते. अंतर्भागातल्या डोंगरी रस्त्यांच्या क्रमांकाआधी 'एफ' हे अक्षर असतं. त्या रस्त्यांवर फोर-व्हील ड्राइव्हचीच (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी) गाडी नेता येते, आणि वाटेत पूल नसलेल्या नद्या असतात. पहिल्या खेपेला एकट्याने तिकडे वळू नका. नदीत गाडी बंद पडली तर दोर लावायला मागे कुणी नसतं, आणि इंजिनात शिरलेल्या पाण्याचा खर्च बहुतेक इन्शुरन्स देत नाहीत. लांडमन्नालॉयगरसारखं ठिकाण बघायचंच असेल तर उन्हाळ्यात तिथे डोंगरी बस जाते.

इन्शुरन्समध्ये दोन गोष्टी विचारून घ्या: उडणाऱ्या खडीने काच फुटली तर, आणि वाळू-राखेच्या वादळात रंग खरवडला गेला तर. दक्षिणेला काळ्या वाळूची मैदानं आहेत, तिथे जोराचा वारा सुटला की गाडीचा पत्रा अक्षरशः घासून निघतो. आणि वाऱ्याने दार उलटं वळलं तर ते बहुतेक वेळा कशातच बसत नाही. गाडी ताब्यात घेताना सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढा, चाकं आणि काचेच्या कडाही.

४. दिवस कसे वाटायचे

दहा दिवसांपेक्षा कमी असतील तर पूर्ण वळशाचा हट्ट सोडा. सहा-सात दिवसांत रेकयाविक ते हॉफ्न हा दक्षिण किनारा जाऊन-येऊन करा, तो भरपूर आहे. दहा-बारा दिवस असतील तर वळसा घाला, पण रोज गाडी चालवण्याचे तास चारच्या आसपास धरा. थांबे, फोटो, मेंढ्या आणि रस्त्याची कामं मिळून त्याचे सात-आठ कधी होतात कळत नाही.

घड्याळाच्या दिशेने की उलट, यावर लोक वाद घालतात. निघायच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा नकाशा बघा आणि ज्या बाजूला हवा बरी तिकडून सुरुवात करा. त्यासाठी मुक्कामांची बुकिंग शक्य तेवढी रद्द करता येणारी घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये हे महाग पडतं, पण घ्या.

५. पहिल्या दिवशी गाडी नको

भारतातून थेट विमान नाही. युरोपात कुठेतरी बदलून केफ्लाविक विमानतळावर पोचेपर्यंत रात्रभराची झोप गेलेली असते आणि घड्याळ साडेपाच तास मागे गेलेलं असतं. तिथून रेकयाविक ५० किलोमीटरच्या आसपास आहे. बसने शहरात जा, झोपा, आणि गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी शहरातूनच घ्या.

मग पहिला टप्पा गोल्डन सर्कलचा, म्हणजे थिंगवेट्लिर, गेसिर आणि गुटलफॉस या फेऱ्याचा, ठेवा. रस्ते चांगले आहेत, गावं जवळ आहेत, हात बसायला उत्तम. थिंगवेट्लिरला इसवी सन ९३० मध्ये देशाची लोकसभा, आल्थिंग, भरू लागली. उत्तर अमेरिका आणि युरेशिया हे भूपट्ट तिथे वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटरने दूर सरकताहेत, आणि त्या फटीच्या कड्याखालून तुम्ही चालत जाता. पुढे गेसिरच्या परिसरात स्ट्रोक्कुर दर पाच-दहा मिनिटांनी उकळत्या पाण्याचा खांब उडवतो, आणि तिथून दहा मिनिटांवर गुटलफॉस हा दोन टप्प्यांचा धबधबा आहे.

६. रोज सकाळची पाच मिनिटं

चहा घेता घेता तीन गोष्टी बघायच्या, रोज, न चुकता. हवामान खात्याच्या 'वेदुर' संकेतस्थळावर वारा आणि इशाऱ्याचा रंग. रस्ते प्रशासनाच्या 'उम्फेर्दिन' नकाशावर रस्ता उघडा आहे की बंद. आणि 'सेफट्रॅव्हल'वर दिवसाची विशेष सूचना. हे संकेतस्थळ लांड्सब्योर्ग ही बचाव पथकांची संघटना चालवते. पथकातले लोक स्वयंसेवक आहेत, स्वतःचं काम टाकून ते वादळात बाहेर पडतात. आपण बेफिकिरीने अडकलो तर त्यांचाही जीव पणाला लागतो, हे लक्षात ठेवून निर्णय घ्या.

याच संकेतस्थळावर आपला प्रवासाचा आराखडा नोंदवून ठेवता येतो. लांब चालायला जाणार असाल तर जरूर नोंदवा. घरी एका माणसाला रोजचा मुक्काम कळवा आणि कितीपर्यंत मेसेज नाही आला तर काळजी करायची, ती वेळही ठरवून द्या. आपत्कालीन क्रमांक ११२. त्याचं अॅप घेऊन ठेवा, त्यातून तुमचं ठिकाण थेट जातं. नकाशे ऑफलाइन उतरवून घ्या.

७. रस्ता

वेगमर्यादा गावात ५०, खडीच्या रस्त्यावर ८० आणि डांबरी रस्त्यावर ९०. दिवसासुद्धा हेडलाइट चालूच ठेवायचे, तो कायदा आहे. कॅमेरे आहेत, दंड जबर आहे, आणि गाडीवाली कंपनी तो तुमच्या कार्डावर टाकते.

खडीवर ८० ची मुभा असली तरी नवख्याने पन्नास-साठच्या पुढे जाऊ नये. खरे अपघात डांबर संपून खडी सुरू होते त्या जागी होतात. वेगात असताना चाकांखालची पकड अचानक बदलते आणि माणूस घाबरून ब्रेक दाबतो. पाटी दिसली की डांबरावरच वेग कमी करून घ्या.

एकेरी पूल दक्षिण आणि पूर्वेला अजूनही भेटतात. जो पुलाच्या जवळ आहे तो आधी जातो, पण समोरचा पर्यटक असेल तर त्याला हे ठाऊक असेलच असं नाही. थांबा, बघा, मग निघा. 'ब्लिंडहाइद' म्हणजे पलीकडचं न दिसणारा चढ, तिथे उजवी कड धरा. दोन लेनच्या गोल चौकात आतल्या लेनमधल्या गाडीला अग्रक्रम असतो, हा नियम आपल्याला अगदी नवा. मेंढी रस्त्याच्या एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसलं की थांबण्याच्या तयारीत राहा, कारण ते कोकरू आईकडे पळणारच.

फोटोसाठी रस्त्यात किंवा कडेला गाडी थांबवायची नाही, फक्त आखून दिलेल्या जागीच. रस्ता सोडून मोकळ्या जमिनीवर चाक घालणं गुन्हा आहे. तिथल्या शेवाळावर उमटलेली चाकोरी भरून यायला दशकं लागतात.

८. वारा

पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे राहिला असाल तर अंगाला रेटणारा वारा तुम्हाला माहीत आहे. तसा वारा इथे गाडीला आडवा लागतो, तोही डोंगराच्या आडोशातून बाहेर पडल्यावर एकदम.

अंदाज मीटर प्रतिसेकंदात दिलेला असतो. १५ म्हणजे ताशी ५४ किलोमीटर, २० म्हणजे ७२, २५ म्हणजे ९०. माझा नियम सरळ आहे: १५ च्या पुढे वेग कमी करून दोन्ही हात स्टिअरिंगवर, २० च्या पुढे निघायचंच नाही. कॅम्पर व्हॅन असेल तर १५ लाच थांबा, तिची उंच बाजू शिडासारखी वारा धरते. सरासरीपेक्षा झोत महत्त्वाचे असतात. रस्त्याकडेच्या इलेक्ट्रॉनिक फलकांवर तोही आकडा येतो. एयाफ्योटलच्या पायथ्याचा पट्टा, पुढे ओराइफी आणि बोर्गारनेसजवळचा हाफ्नारफ्याल, या तीन जागा झोतांसाठी कुप्रसिद्ध आहेत.

गाडी लावताना तोंड वाऱ्याकडे करा. दार उघडताना एका हाताने दार घट्ट धरून, आधी बोटभर फट. एकटे असताना प्रवासी बाजूच्या सीटवर सुटे कागद, टोपी, नकाशा ठेवू नका. ते उडालं की ते पकडायला दार हातातून सुटतं.

९. दक्षिण किनारा

सेल्यालांड्सफॉस धबधब्याच्या मागून चालत जाता येतं, तर स्कोगाफॉसच्या शेजारच्या पायऱ्या चढून वरच्या नदीकाठाने थोडं पुढे गेलात की गर्दी मागे राहते. दोन्ही सुमारे ६० मीटर उंच. रेनकोटबरोबर रेनपँटही हवी. छत्री नेऊ नका, ती मिनिटभरही टिकत नाही.

विक गावाजवळचा रेनिसफ्यारा हा काळा किनारा सुंदर आहे आणि जीवघेणा आहे. दहा लाटा शांत येतात आणि अकरावी कितीतरी मीटर आत धावून येते, परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. इथे माणसं मेली आहेत. वाहनतळाजवळ इशाऱ्याचे दिवे आहेत. लाल असेल तर वरच थांबा, आणि समुद्राकडे पाठ करून सेल्फी कधीच नाही. तिथले बेसाल्टचे षटकोनी खांब बघताना अंधेरीची गिल्बर्ट हिल आठवेल. लाव्हा थंड होताना आक्रसतो आणि असा तडकतो, दोन्हीकडे क्रिया तीच. आपला दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तर आइसलँडचे सर्वांत जुने खडकही दीड कोटी वर्षांच्या आसपासचे. सह्याद्री हिंडलेल्या माणसाला या बेटावर आपल्याच डोंगरांचं तरुणपण बघायला मिळतं, आणि निव्वळ यासाठी मी कुणालाही इथे जा म्हणून सांगेन.

विकच्या पुढे एल्धराउन लागतं, शेवाळाने मऊ झालेलं लाव्हाचं अफाट मैदान. १७८३ च्या लाकी उद्रेकात ते तयार झालं. त्या विषारी वायूंनी गवत आणि गुरं मारली, आणि पाठोपाठच्या दुष्काळात देशातली सुमारे एक पंचमांश माणसं गेली. पुढे स्केदारारसांडुर ही हिमनद्यांनी आणून टाकलेल्या वाळूची सपाटी. रिंग रोड १९७४ मध्ये पूर्ण झाला तो याच जागी. तोवर इथल्या सतत पात्र बदलणाऱ्या नद्यांवर पूलच नव्हते. १९९६ मध्ये वात्नायोकुल या हिमआवरणाखाली ज्वालामुखी फुटला, वितळलेलं पाणी साठून नोव्हेंबरात एकदम सुटलं आणि पूल वाहून गेले. त्यातले पिळवटलेले लोखंडी गर्डर स्काफ्टाफेलच्या अलीकडे रस्त्यालगत ठेवलेत. तिथे दहा मिनिटं थांबाच. 'रस्ता बंद' या पाटीला इथले लोक इतकं गांभीर्याने का घेतात, ते तिथे कळतं.

स्काफ्टाफेलला मार्गदर्शकासोबत हिमनदीवर चालायला जा. एकट्या माणसालाही गटात घेतात, काटेरी बूट तेच देतात. एकट्याने बर्फावर पाऊल ठेवायचं नाही, भेगा वरून दिसत नाहीत. तासाभरावर योकुलसारलोन. हिमनदी मागे सरकत गेली तसं गेल्या शंभर वर्षांत हे सरोवर तयार झालं आणि अजून वाढतंय. तुटलेले हिमखंड समुद्रात जातात आणि लाटा त्यांचे तुकडे समोरच्या काळ्या वाळूवर आणून टाकतात. हिमखंडावर चढू नका, ते उलटतात.

१०. पूर्व आणि उत्तर

हॉफ्ननंतर माणसांची वर्दळ एकदम कमी होते. टाकी अर्ध्यावर आली की भरायची, पुढच्या पंपाची वाट बघायची नाही. एगिल्सस्टाडिरकडे जाताना फोन तुम्हाला ओक्सी घाटाचा, ९३९ क्रमांकाचा जवळचा रस्ता दाखवेल. तो तीव्र उताराचा खडीचा घाट आहे आणि धुक्यात समोरचं काही दिसत नाही. हवा स्वच्छ नसेल तर फ्योर्डांच्या (डोंगरांत शिरलेल्या खाड्यांच्या) काठाने लांबून जा. लांबचा तो रस्ताच जास्त देखणा आहे.

एगिल्सस्टाडिर ते मिवात्न सरोवर हा सुमारे १६५ किलोमीटरचा पठारी पट्टा जवळजवळ निर्मनुष्य आहे. निघण्याआधी इंधन, पाणी, खाणं बघून घ्या. वाटेत ८६२ या डांबरी रस्त्याने डेट्टिफॉस धबधब्याकडे वळा. ४४ मीटर उंच, १०० मीटर रुंद, राखाडी पाण्याचा तो लोंढा कडेपासून जरा मागे राहूनच बघायचा. मिवात्नला उन्हाळ्यात चिलटांचे ढग असतात, डोक्यावरची जाळी न्या. ह्वेरिरच्या उकळत्या चिखलाच्या कुंडांपाशी दोरीच्या आतच चाला. बाहेरची जमीन पातळ असते आणि खाली वाफ असते.

अकुरेरीच्या अलीकडचा ७.४ किलोमीटरचा बोगदा टोलचा आहे, पण टोलनाका नाही. पैसे ऑनलाइन त्याच दिवशी भरून टाका, नाहीतर गाडीवाली कंपनी त्यावर स्वतःचं शुल्क लावते. बोगदा नको असेल तर घाटाचा जुना रस्ता फुकट आहे.

११. खाणं, झोप, गरम पाणी

हॉटेलं महाग आहेत. वसतिगृहं आणि सामाईक स्वयंपाकघर असलेली गेस्टहाउसं निवडा, एकट्याला तिथे बोलायलाही माणसं मिळतात. गाडीत कुठेही झोपणं चालत नाही, अधिकृत कॅम्पिंग तळावरच थांबावं लागतं. डाळ-तांदूळ, मसाले, चिवडा न्या, पण तूप, पेढे, बर्फी नको: युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. किराणा बोनुस किंवा क्रोनानमध्ये घ्या, संध्याकाळी लवकर बंद होतात. शाकाहारी माणसाला स्कीर हे घट्ट दही, राईचा पाव आणि चीज यांवर दिवस काढता येतो. छोट्या गावात पेट्रोल पंपाचं उपाहारगृह हेच एकमेव असू शकतं, तिथे बहुतेक सगळ्यात मांस असतं. थंड पाणी नळाचंच प्या, उत्तम असतं. गरम पाण्याला गंधकाचा वास येतो, पण त्याने अपाय होत नाही.

आणि रोज संध्याकाळी गावच्या तलावात जा. जवळजवळ प्रत्येक गावात उघड्यावरचा गरम पाण्याचा तलाव आहे, शेजारी लहान गोल कुंडं. दिवसभराचं अवघडलेपण तिथे उतरतं, आणि शेजारी बसलेला कोळी किंवा शिक्षिका उद्याच्या घाटाबद्दल जे सांगेल ते कुठल्याही अॅपवर नसतं. पाण्यात उतरण्याआधी कपडे पूर्ण काढून साबणाने अंघोळ करावी लागते, स्त्री-पुरुषांची सोय वेगळी असते. पहिल्यांदा संकोच वाटतो, पण कुणीही कुणाकडे बघत नाही. एकट्या बाईला यात किंवा एकूणच या देशात वावरताना जी मोकळीक मिळते, ती मला फार मोलाची वाटते.

१२. परतताना

शेवटची रात्र विमानतळापासून तासाभराच्या आत काढा. रेक्यानेस द्वीपकल्पावर २०२१ पासून वारंवार उद्रेक होताहेत आणि ग्रिंडाविक गाव १० नोव्हेंबर २०२३ ला रिकामं करावं लागलं. विमानतळाचा मुख्य रस्ता वेगळा आहे, तरी आदल्या रात्री रस्त्यांचा नकाशा बघा. लाव्हा बघण्यासाठी आखलेल्या वाटा सोडून जाऊ नका, खोलगट जागी वायू साठतो. गाडी देण्याआधी टाकी पूर्ण भरा, पावती ठेवा, आतली वाळू झाडून काढा, पुन्हा सगळ्या बाजूंनी व्हिडिओ घ्या. पार्किंगचे आणि बोगद्याचे पैसे भरलेत का तेही बघून घ्या. डिपॉझिटची रोखलेली रक्कम सुटायला काही दिवस लागू शकतात, तेव्हा वाटेतल्या विमानतळावर खर्चायला दुसऱ्या कार्डावर पैसे शिल्लक ठेवा.